चौकटीवरचा घाव

टेंभुर्णीच्या आमच्या शाळेत नववीचा तास चालू असताना अक्काचा फोन आला. "बाई गेल्या गं," एवढंच ती म्हणाली. मुलांना काय सांगून मी सोलापूरच्या एस.टी.त बसले, ते आता आठवत नाही...

मार्थाबाई सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या निवृत्त शिक्षिका. नात्यानं माझ्या कुणी नव्हत्या. आम्ही मैंदर्गीचे, मेंढरं राखणारे; घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. वडील मला घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, पोरगी शिकाय लागली तर मेंढरं कुणी राखायची?" बाई म्हणाल्या, "मेंढरं तुम्ही राखा, हिला मी राखते." वडील हसले आणि मला ठेवून गेले. आज मी पदवीधर आहे, शिकवते आहे, ते त्या एका वाक्यामुळे. मला त्यांनी कधी चर्चला ये म्हटलं नाही. पण रविवारी पेठेतली मुलं त्यांच्याकडे शिकायला यायची, तेव्हा स्वयंपाकघरातून माझ्या कानावर पडायचं, की देवानं माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवलं. ऐकायला छान वाटायचं, पण लांबचं वाटायचं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना एका सकाळी अक्का, माझी थोरली बहीण, दारात आली. मानेभोवती दाव्याचा काळानिळा वळ, एका बाजूला कातडी सोललेली, कानातून आलेलं रक्त गालावर वाळलेलं. तिच्या नवऱ्यानं, सिद्राम दाजीनं, तिला शेळ्यांच्या गोठ्यात खुंट्याला बांधून काठीनं मारलं होतं. बाईंनी जेवायला वाढलं, तर ती ताट घेऊन दाराशी जमिनीवर बसली. "मी हितंच बरी. जनावराला खुर्ची कशाला?" बाईंनी ताट उचलून टेबलावर ठेवलं. "तुझ्यात देवाचं रूप आहे, बाळ. ते दाव्यानं बांधता येत नाही. ऊठ." अक्का खुर्चीच्या कडेवर बसली आणि हातातला घास तसाच धरून रडत राहिली.

त्याच आठवड्यात भर दुपारी दाजी आला, ऊस तोडायचा कोयता घेऊन. "ए म्हातारे, सर बाजूला! बायकू हाय माझी!" बाई दारातच उभ्या. "सिद्राम, कोयता खाली ठेव आणि बोल." पहिला घाव चौकटीत बसला, लाकडाची ढलपी उडाली. त्यानं कोयता उपसून पुन्हा उगारला. बाईंनी डावा हात वर केला... दोन बोटं उंबऱ्यावर पडली. मी ती पाहिली. रक्त भिंतीवर, अक्काच्या पदरावर. त्यानं बाईंच्या पोटात लाथ घातली, तरी उजव्या हातानं त्यांनी चौकट धरून ठेवली होती. गल्लीतल्या माणसांनी त्याला पाडलं आणि तोंड फुटेस्तोवर तुडवलं. तेव्हा बाईच ओरडत होत्या, "पुरे! मरेल तो! पोलिसांना बोलवा!"

दवाखान्यात मी म्हणाले, "जनावर आहे तो." बाईंनी पट्ट्यांनी बांधलेला हात उशीवर टेकवला. "तो शब्द माझ्या घरात नको. जनावराला कुणी कोर्टात उभं करतं का? तोही देवाच्या प्रतिरूपातला माणूस आहे. म्हणूनच त्याला जाब विचारायचा."

"म्हणजे माफ करणार?"

"आधी काय केलं ते त्याच्या तोंडून येऊ दे."

मला घरची मेंढरं आठवली. आमचे एडके टकरा घेऊन डोकी फोडतात. पण एकानं दुसऱ्याला खुंट्याला बांधून मारलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

कोर्टात दाजी म्हणाला, "दारूच्या भरात झालं आसंल, मला ठावं न्हाय." बाईंनी एक शब्द न गाळता साक्ष दिली. त्याला शिक्षा झाली. मग बाई तुरुंगात त्याला भेटायला जाऊ लागल्या. तो सुटल्यावर नाताळच्या करंज्या घेऊन मैंदर्गीला त्याच्या घरी जायच्या. प्रश्न तोच, "काय केलंस, सिद्राम?" तो मान खाली घालायचा. परत आल्यावर बाई हसत सांगायच्या, "तोंड उघडतो, पण करंजीसाठीच." अक्का त्यांच्याजवळच राहिली. दाजीचं नाव तिनं कधीच घेतलं नव्हतं. लग्नात लाजेनं, नंतर किळसेनं. चौकटीला रंग द्यायच्या वेळी रंगारी कोयत्याच्या खाचेत लांबीचा लगदा भरायला लागला, की बाई त्याला थांबवायच्या. "राहू दे. सिद्रामनं सांगितल्यावर भरू." शेवटच्या भेटीत मी विचारलं, "अजून वाट बघताय?" म्हणाल्या, "मी नसले तर तुम्ही बघा."

दफनानंतरच्या रविवारी दाजी आला. केस पिकलेले, पाय अनवाणी. "बाई..." म्हणून थांबला. अक्का उठून दारात उभी राहिली, बाई उभ्या होत्या तिथंच. "बाई न्हाईत. मला सांग."

तो चौकटीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बांधलं मी तुला. शुद्धीत हुतो. दारू मागनं प्यालो... बाईंची बोटं मीच तोडली."

अक्काची बोटं चौकटीवर पांढरी पडली होती. "ऐकलं, सिद्राम," ती म्हणाली. "आता जा. परत येऊ नगंस."

तो गेला. संध्याकाळी बाईंच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसून मी तिला विचारलं, या नाताळाला रंग देताना ती खाच भरून घ्यायची का. तिनं दाराकडे पाहिलं.

"रंग देऊ की. पण ते भरू नगंस. बाई तितंच उभ्या हुत्या."