जिन्याची खालची बाजू

तुम्ही राहता त्या घराचा जिना कुणी बांधला? गवंड्याने, म्हणाल. चूक. आधी तो कुणीतरी लाकडात उलटा बांधला, त्यात काँक्रीट ओतलं गेलं, आणि मग ते लाकूड पहारीने उचकटून फेकून दिलं. त्या कुणातरीची ही गोष्ट.

साइटवर त्याला सगळे फळीमास्तर म्हणायचे. उभी हयात सेंट्रिंगमध्ये, म्हणजे काँक्रीटसाठी फळ्यांचे साचे बांधण्यात गेली. बायको विचारायची, "यात तुमचं काय?" तो बोट दाखवायचा, तर तिथे रंगाऱ्याचा रंग. याचं काम भंगारात.

म्हणून एका बंगल्यातल्या गोल जिन्यासाठी त्याने जीव ओतला. मालकीणबाईंच्या मागे लागून पटवलं की खालून प्लास्टर नको, फळ्यांच्या रेषा काँक्रीटवर तशाच उमटू द्या. रंधा मारून एकेक फळी साफ केली. आणि इथेच माती खाल्ली. काँक्रीट चिकटू नये म्हणून फळ्यांना तेल लावतात; डाग पडतील म्हणून याने ते लावलंच नाही, नुसतं पाणी मारलं.

खोलताना फळी सुटेना. पहार घातली, तर शेवटच्या पायरीची कडच फळीसकट हातात आली. बाकी जिना असा, की काँक्रीटमध्ये लाकडाची गाठन् गाठ दिसावी. मालकीणबाईंना दिसली ती फक्त कड. "सगळ्याला प्लास्टर करून टाका."

प्लास्टरवाला कोण, तर त्याचाच मेहुणा.

"दाजी, बाजूला व्हा. छन्नीने टाचे मारायचेत, त्याशिवाय प्लास्टर धरत नाही."

"कड तेवढी भर ना."

"ठिगळ दिसेल म्हणाल्या बाई. अहो, काल आलेल्यालाही कळतं तेल लावायचं. तुम्हाला ही अक्कल कुठून सुचली?"

"तुझ्या बहिणीला दाखवायचं होतं."

मेहुण्याने छन्नी खाली ठेवली. "मग आणा तिला. मी चहा पिऊन येतो. चहा लांबवेन फार तर, काम टळणार नाही."

बायको हातातलं काम टाकून आली. जिन्याखाली वाकली, हात फिरवला.

"अहो, हे लाकूड काढायचं राहिलं की."

"काँक्रीट आहे ते."

ती हात फिरवतच राहिली. हा मात्र त्या तुटक्या कडेकडे दात खाऊन बघत होता. "तेल लावलं असतं तर..."

"गप बसा जरा. बघू द्या मला."

संध्याकाळपर्यंत सगळं प्लास्टरखाली गेलं. फळीमास्तर आता पुढच्या साइटवर तेलाचा डबा घेऊन सगळ्यांवर खेकसत फिरतोय.

तुम्ही एक करा. आज जिना उतरलात की खालून वाकून बघा, हात लावा. रेषा दिसणार नाहीत. तरी लावा.