शेवटचा जोड

खामगावात ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा एक माणूस आहे. त्याला गिटारवर साधी सरगमही वाजवता येत नाही, तरी मी त्याच्यावर जळतो. वीस वर्षं मी ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो, पण तिच्या पोटात काय बिघडलंय ते कळतं त्याला. सोल्डर लावताना तो श्वास रोखून धरतो आणि तार चिकटली की तिलाच विचारतो, "बसली का बाई?"

मागच्या महिन्यात गिटारमधून घूंऽ असा आवाज यायला लागला. ह्या वेळी त्याच्याकडे जायचंच नाही म्हणून मी मोबाइलवर व्हिडिओ बघून स्वतः आतल्या तारा सोल्डरनं जोडल्या. गिटार पार मुकी झाली. मुकाट्यानं त्याच्याकडे नेली.

झाकण उघडून तो म्हणाला, "हे कोनं करून ठेवलं हो, सर?"

"काय मालूम," मी म्हणालो.

माझा एकेक जोड तो उखडत गेला. शेवटच्यापाशी थांबला.

"हा राहू देतो," माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "ज्यानं केला त्याले सांगा, हात चांगला हाय."

गिटार आता झकास वाजते. पण एवढं चांगलं वागायची त्याला काय गरज होती? आता तर धड जळताही येत नाही.