‘न्हाय’ लिहिणारे आबा

क्रेन सुरू करण्याआधी आमच्या साईटवर रोज एक तपासणीचा तक्ता भरावा लागे. वीस प्रश्न, आणि प्रत्येकापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’. बाकीचे ऑपरेटर वरून खालपर्यंत एकच रेघ ओढून सगळं ‘होय’ करून टाकत. आबांच्या तक्त्यात मात्र एक तरी ‘न्हाय’ असायचंच, आणि ते बोलतात तसंच लिहिलेलं. आरसा धड हाय का? न्हाय. हॉर्न वाजतो का? न्हाय. पोरं त्यांना ‘न्हायवाले आबा’ म्हणायची. आबांना त्याचं काही वाटत नसे.

बारामतीच्या एमआयडीसीत एका डेअरीचं शीतगृह बांधायचं काम होतं आणि सेफ्टीचे कागद माझ्याकडे होते. क्रेनच्या तपासणीचा दाखला, वजन पेलण्याच्या चाचणीचा कागद, ऑपरेटरचा परवाना, रोजचा तक्ता. हे सगळं फायलीत असल्याशिवाय हूक हलवायचा नाही, असा नियम. मला वाटायचं, नियम फायलीसाठी असतो. आबांना तसं वाटत नसे.

आबा कळंबचे. घरी पूर्वी मेंढरं होती, शाळा चौथीपर्यंत झालेली. तक्ता वाचायला त्यांना वेळ लागे, पण मशीनभोवती पूर्ण फेरी झाल्याशिवाय ते पेनाला हात लावत नसत. शेवटी क्रेनच्या तारेच्या दोरावरून एक जुनं फडकं फिरवायचे. फडकं अडकलं की तिथली तार तुटलेली. “माझा बाप मेंढराच्या आंगावरनं हात फिरवून दुखनं सांगायचा,” ते म्हणायचे. “हितं फडकं फिरवायचं, येवढाच फरक.”

दुपारी जेवताना ते मला न विचारता माझ्या डब्याच्या झाकणावर खर्डा वाढायचे. मी नको म्हटलं की म्हणायचे, “खा पोरी. कागदाच्या वासानं भूक मरती.”

ठेकेदार आण्णा माझे चुलत सासरे. मला कामाला त्यांनीच लावलं होतं. साईटवर आबा सोडून बाकी सगळे मला मॅडम म्हणत, आण्णा मात्र चारचौघांत ‘सूनबाई’ म्हणत. तो शब्द कानावर पडला की माझं तोंड आपोआप मिटायचं. दुपारी मी साईटवर काय बोलले ते संध्याकाळी मी सोमेश्वरनगरला घरी पोचायच्या आत सासऱ्यांना कळलेलं असे. नोकरी सोडते म्हणायची सोय नव्हती, कारण नोकरी आणि नातं एकाच गाठीत बांधलेलं होतं.

आबांचीही गत फार वेगळी नव्हती. फायलीला मूळ प्रत लागते असं सांगून आण्णांनी त्यांचा परवाना घेतला होता आणि कपाटात ठेवला होता. परत मागितला की उत्तर ठरलेलं, “काम झालं की देतो.” आबा हसायचे. “परवान्यासंगं मला बी कुलपात घातलंय,” म्हणायचे.

छताच्या लोखंडी तुळया चढवायच्या आठवड्यात त्यांचं फडकं दोराला तीन ठिकाणी अडकलं. त्यांनी तक्त्यावर ‘न्हाय’ लिहिलं आणि क्रेनची चावी माझ्या टेबलावर आणून ठेवली. आण्णांनी तक्ता वाचला. “आबा, दमलाय तुमी. आज सुट्टी घ्या,” म्हणाले. आबा गेल्यावर माझ्याकडे वळले. “सूनबाई, नवा तक्ता भर. सगळं होय. सही आबाची पायजे, परवाना त्याचाच हाय. हा जुना फाडून टाक.”

क्रेनवर एक बिनपरवान्याचा माणूस बसणार होता. मी नवा तक्ता भरला. आबांची सही सोपी होती, चार सुटी अक्षरं, शाळकरी पोरासारखी. पहिल्याच झटक्यात जमली. जुना तक्ता मात्र फाडवेना. तो मी खालच्या खणात सरकवला.

त्या दिवशी काही झालं नाही. तुळया चढल्या. दुसऱ्या दिवशी आबांनी विचारलं, “काल काम कुनाच्या कागदावर झालं?”

“मला माहीत नाही, आबा.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग फडकं घेऊन दोराकडे गेले आणि पुन्हा ‘न्हाय’ लिहून आले. असं चार दिवस चाललं. ते ‘न्हाय’ लिहायचे, आण्णा त्यांना घरी पाठवायचे, मी सही करायचे आणि त्यांचा तक्ता खालच्या खणात सरकवायचे. रोज वाटे, उद्या नाही म्हणायचं. पण कालची सही केल्यावर आजची नाकारायची कोणत्या तोंडानं?

पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला दोर तुटला. तुळई एका बाजूनं खाली आली. वजन बांधणारा बापू, डाळजचा, बाजूला उडी मारताना सापडला. जीव वाचला, उजवा पंजा काढावा लागला.

दोन दिवसांनी चौकशीला सरकारी अधिकारी आले. ते यायच्या आधी आण्णा मला म्हणाले, “कागद हाय, सही हाय. तपासून होय लिवलंय म्हंजे दोष आबाचा. तू फक्त गप बस.”

पत्र्याच्या ऑफिसात आम्ही चौघंच होतो. अधिकाऱ्यांनी तक्ता आबांपुढे केला.

“ही सही तुमची?”

आबांनी कागद खिडकीजवळ नेला, निरखून पाहिला आणि टेबलावर परत ठेवला.

“न्हाय.”

“मग कुणाची?”

 आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खिडकीबाहेर बघत उभे राहिले.

“सूनबाई,” आण्णा म्हणाले, “सायबांना पानी आन जरा.”

मी उठले. दारापर्यंत गेले. दार उघडंच होतं. मग तिथूनच वळून म्हणाले, “सही मी केली. पाचही दिवस मीच केली.” आणि टेबलाशी परत येऊन खालच्या खणातले आबांचे पाच तक्ते काढून अधिकाऱ्यांपुढे ठेवले.

आण्णांवर खटला उभा राहिला, तो अजून चालू आहे. माझी आणि आबांची, दोघांचीही नोकरी गेली. पंचनाम्याच्या वेळी कपाट उघडलं तेव्हा आबांना परवाना परत मिळाला. घरी सासरे वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. बापूला भेटायला मी डाळजला गेले, तर त्यानं तोंड फिरवलं. त्याचं बरोबर होतं.

आबा गेल्या उन्हाळ्यात वारले. त्याआधी एकदा मी कळंबला त्यांच्याकडे गेले होते. ओट्यावर बसून चहा झाला. त्यांनी नातवंडांची ओळख करून दिली. निघताना मी म्हटलं, “आबा, तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. का?”

त्यांनी वहाणा पायात सरकवल्या.

“नाव घ्यायचं मला जमनार नव्हतं, पोरी. आन गप बसायचं बी जमंना. तू दाराकडं निघालीस, तवा मला वाटलं, ही आता जाती. मी तोंड उघडलं व्हतं. म्हननार व्हतो, चुकलं सायेब, सही माझीच हाय.”

 आबा मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले, गाडी सुटेपर्यंत उभे राहिले. खिडकीशी बसून मी एकच मोजत होते, त्या दिवशी माझ्या खुर्चीपासून दारापर्यंत किती पावलं होती.