दात बघणारे मामा

"तोंड उघड, मग बोल!" असं मामा बैलाला म्हणत आणि माणसालाही. रेणापूरच्या बैलबाजारातले हे दलाल. तुम्ही बैलबाजार पाहिला असेल, तर असा माणूस ओळखाल. जबड्यात अंगठा घातला की वय सांगितलंच, आणि कधी चूक नाही. फक्त घरच्या म्हाताऱ्या बैलाच्या तोंडात ते डोकावले नाहीत. म्हणत, "घरच्याचं वय काढत्यात व्हय?"

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा पाऊस रुसला होता. मी नव्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो. नांदेडहून एसटीने आमच्याकडे प्लास्टरची एक कवटी आली. डायनासोरांच्याही आधीचं जनावर. जातीनं सरपटणारं, पण वळण सस्तन प्राण्याचं. रस्त्यातल्या खड्ड्यांनी त्याचे सगळे दात निखळले. सोमवारी कॉलेजची तपासणी आणि माझ्या हातात डबाभर दात! एम.एस्सी. झालेला मी कपाळाला हात लावून बसलो. शेवटी मामांना बोलावलं.

मामांनी एकेक दात चिमटीत फिरवला. "सरड्याचे सारे सारखे, कुठलाबी कुठंबी बसला असता. ह्याचं तसं न्हाई, मास्तर. ह्यो तोडायचा, ह्यो फाडायचा, ह्यो चावायचा. ज्याची त्याची जागा ठरल्याली." तासाभरात जबडा भरला. मग विचारलं, "वय काय व्हतं?"

"मामा, कोट्यवधी वर्षांपूर्वीचं हे..."

"ते न्हाई. मरताना?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मामांनी डोळे मिटून दाढांवरून अंगठा फिरवला. "झीज न्हाई. तरणंच गेलं. दुष्काळ असंल. पाण्याकडं निघालं असंल बघा. पोचलं का?"

"कुणास ठाऊक."

कवटीच्या कपाळावरून हात फिरवून मामा निघाले.

चैत्रात कडबा संपला. मामांनी घरचा बैल बाजारात आणला. गिऱ्हाइकाने त्याचं तोंड उघडलं, तशी मामांनी पाठ फिरवली.

"दात पार झिजलेत. ह्याला घेऊन काय करू?" गिऱ्हाइकाने कासरा परत दिला.

मामा खुदकन हसले. "सुटलो, मास्तर! आता ह्याला घेऊन गोदावरीला जातो. नांदेडला डोहात पाणी हाय म्हणत्यात."

बैल पुढे, मामा मागे, असे दोघं निघाले आणि फुफाट्यात दिसेनासे झाले. पाऊस आला, मामा आले नाहीत. लोह्यापर्यंत मी विचारत गेलो. कुणी पाहिलं नव्हतं. फार आठवण येते त्यांची.

पोरं अजून कवटीभोवती जमतात. मी सांगतो, तरणं होतं, दुष्काळ होता, पाण्याकडं निघालं. कुणीतरी विचारतंच, "सर, पोचलं का?"

पुराव्याशिवाय बोलू नये, हे मीच त्यांना शिकवतो. तरी सांगतो, "पोचलं."