डाव्या स्पीकरमधले टाळ

परळीत ओळखीच्या कुणी नवा साउंड आणला आणि तो सुग्रीवला न बोलावता लावला, की सुग्रीवचं डोकं फिरायचं. मग बोलावणं नसलं तरी तो जायचाच. वीज केंद्रात टर्बाइनच्या धडधडाटात नोकरीची सारी वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस, पण कुणाच्या बैठकीत शिरला की आधी खोलीच्या मधोमध उभा राहून एक टाळी वाजवणार, भिंतीवरून ती कशी परत येते ते ऐकणार आणि तोंड वाकडं करणार.

"खोली लई घुमती. पडदे लावा. अन् ह्यो स्पीकर कपाटावर कावून चढवलाय? तिथं पाल बसून ऐकनार हाय का?"

मग घरच्यांची सगळी मांडामांड मोडायची. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढं, कानाच्या उंचीवर, तोंडं जराशी आत वळवलेली. ऐकणाऱ्याची खुर्ची समोर, दोन्हींपासून सारखी लांब. "गानारा दोन्हीच्या मधी उभा ऱ्हायला पायजे, जितं नुसती भिंत हाय तितं," असं तो सांगायचा आणि डोळे मिटायचा. अलीकडं मात्र डावा स्पीकर तो अंमळ जास्तच पुढं ओढायला लागला होता. "हिकडनं कमी येतंय," म्हणत म्हणत तो स्पीकर पार खुर्चीच्या पायाशी आणून ठेवायचा. घरचे हसून मान डोलवायचे, चहा द्यायचे. सुग्रीव खुशीत घरी जायचा.

स्वतःच्या घरी त्याच्याकडं एक टेप होती. ती घराबाहेर जात नसे. धर्मापुरीच्या देवळातलं भजन त्यानं आणि रहमतुल्लानं मिळून भरलं होतं, दोन माइक दोन बाजूंना लावून. उजवीकडं पखवाज, डावीकडं टाळ. टाळ वाजवत होता सुग्रीवचा धाकटा भाऊ माऊली. पुढं माऊली अपघातात गेला. फोटोत त्याचा चेहरा होता, पण तो सुग्रीवला कधी खरा वाटला नाही. माऊली खरा होता तो डाव्या स्पीकरमध्ये. दर एकादशीला सुग्रीव अंघोळ करून खुर्चीत बसायचा आणि टेप लावायचा.

रहमतुल्लाचं स्टेशनजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. सुग्रीवची टेप, स्पीकर, वायरी, सगळ्याला हात त्याचाच लागलेला. दोघांची दोस्ती इतकी जुनी, की एकाच्या घरी कोथिंबीर संपली तर दुसऱ्याच्या घरून यायची.

"टाळ पुसट झालेत बे," सुग्रीव एकदा त्याला म्हणाला होता. "आता तं जवळजवळ ऐकायलाच येईनात."

रहमतुल्लानं टेप उघडली, मागंपुढं पाहिलं, परत बंद केली. "पट्टी झिजली, सुग्रीव. जुनी झाली. तिला कोन काय करनार?"

त्या दिवशी सुग्रीवला भाऊ दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं. पण रहमतुल्ला म्हणाला म्हणजे विषय संपला. त्याच्यापुढं विचारायला कुणाकडं जायचं?

यंदाच्या ईदला शीरखुर्मा प्यायला तो रहमतुल्लाच्या घरी गेला. बैठकीत जुन्यांच्या जागी नवे स्पीकर होते. सुग्रीवनं टाळी वाजवली, नाक मुरडलं, सगळं हलवून लावून दिलं, शीरखुर्मा दोनदा मागून घेतला आणि निघाला. कोपऱ्यावर पोचल्यावर ध्यानात आलं, चष्मा तिथंच राहिला. तो माघारी वळला.

दार उघडंच होतं. आत रहमतुल्ला आणि त्याची बायको जाहेदा डावा स्पीकर उचलून मागं नेत होते.

"दर खेपेला ह्योच तमाशा," जाहेदा म्हणाली. "भावजी आले की पुन्ना वडायचा का?"

"वडू की. मी तं लोकायच्या घरी बी दुसऱ्या दिशी जाऊन हेच करतो. त्याला कशाला कळू द्यायचं?"

सुग्रीव उंबऱ्यात उभा होता. रहमतुल्लाची नजर गेली आणि त्यानं स्पीकर खाली ठेवला.

"तुजा डावा कान गेलाय बे," तो हळू म्हणाला. "लई दिस झाले."

सुग्रीव चष्मा न घेताच वळला. वाटेत एकेक गोष्ट समोर यायला लागली. फोन तो नेहमी उजव्याच कानाला लावायचा. रतनबाई, त्याची बायको, जेवताना उजवीकडंच बसायची. आणि त्या घरोघरीच्या चहाच्या कपांमागचं हसू! सगळ्या गावानं मिळून त्याला कुरवाळलं होतं, खुळ्याला कुरवाळतात तसं. त्याच्या अंगाची लाही लाही झाली.

मग त्याला आणखी एक गोष्ट सुचली आणि तो घराकडं पळतच सुटला.

आल्या आल्या त्यानं टेप लावली आणि डाव्या स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला. जाळी थरथरत नव्हती. त्यानं आवाज वाढवला. उजव्या स्पीकरमधून पखवाज घुमत होता आणि तळहाताखाली लाकूड मुकं होतं.

"ह्यो कवापासून बंद हाय?"

रतनबाई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत राहिली. "लई दिसाचा. रहमतभाऊ म्हनले, नीट केला तरी त्या कानाला पुसटच येनार, नगा सांगू. स्पीकर बंद हाय म्हनलं, तं मग मला कसं कळ्ळं न्हाई, असं इचारतेल. कान गेल्याचं कळ्ळं की मानूस खचंल."

"अन् पट्टी झिजली म्हनला त्यो?"

रतनबाई माघारी चुलीकडं वळली.

कान टर्बाइननं नेला होता. त्याबद्दल सुग्रीवची कुणाशी तक्रार नव्हती. खुर्ची फिरवून बसायची, उजवा कान तिकडं करायचा, एवढंच तर होतं. पण ह्यांनी दया करायच्या नादात त्याचा भाऊ चोरला होता. इतक्या एकादशा तो अंघोळ करून मुक्या लाकडासमोर बसला होता, आणि ही दोघं बघत होती.

त्यानं मागच्या वायरी उपसल्या. डाव्या स्पीकरची वायर काढून उजव्याला जोडली. टेप मागं नेली आणि बटण दाबलं.

टाळ वाजले. लख्ख. माऊली सम गाठताना शेवटचा ठोका किंचित दाबून मारायचा, तोसुद्धा. पट्टीला काहीही झालेलं नव्हतं. सुग्रीव रडायला लागला आणि रडणं आवरायचा त्यानं प्रयत्नही केला नाही.

दारात कुणीतरी आलं. रहमतुल्ला होता, हातात चष्म्याचं घर. आत न येता तो उंबऱ्याबाहेरूनच बोलायला लागला. "सुग्रीव, आयक न माजं..."

सुग्रीवनं खुर्ची स्पीकरला भिडवली. उजवा कान जाळीला टेकवला, डावा दाराकडं केला आणि आवाज वाढवला. रहमतुल्ला बराच वेळ बोलत होता.