दुकानातला आवाज

चाकूरच्या राजकन्याची जीभ सगळ्या बाजाराला ठाऊक. आपल्या शिलाईच्या दुकानात, ब्लाऊज सैल झाला म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ती उभ्या उभ्या झाडायची. सासूपुढं मात्र तिचं तोंड शिवलेलं.

दिवस गेले म्हणून सासू, सरस्वतीबाई, तिला लातूरच्या दवाखान्यात घेऊन आल्या. रक्त तपासून, नवऱ्याचा जुना रिपोर्ट बघून नर्स म्हणाली, "तुझा गट ओ निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. पहिल्या खेपेला बाळाचं रक्त आईत मिसळलं, तर दुसऱ्या खेपेला आईचंच रक्त पोटातल्या बाळावर उठू शकतं. पोट पडलं तरी लगेच इंजेक्शन घ्यावं लागतं."

मागल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात राजकन्याचं पोट पडलं होतं. "कुणाला कळता कामा न्हाई," म्हणत सरस्वतीबाईंनी दार लावून घेतलं होतं. दवाखाना न्हाई, सुई न्हाई.

आतल्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पहिलंच का?"

"हाव, पहिलंच," सरस्वतीबाई चटकन म्हणाल्या.

राजकन्यानं पोटावर हात ठेवला.

"दुसरं हाय, मॅडम. पहिलं पडलं, अन् सुई घेतलेली न्हाई."

ती दुकानातल्या आवाजात म्हणाली. बाहेरच्या बाकावरल्या बायांनीही ऐकलं.