निवेदनाला जोडलेली पानं

महाडला कॉलेजच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. एक मशीन, एक कॉम्प्युटर आणि फॉर्म भरायला येणाऱ्यांसाठी भिंतीशी एक बाक, एवढंच. नवरा एमआयडीसीत पाळीवर जातो, मुलगी शाळेत आहे. बारावी झाली तसं माझं लग्न झालं आणि शिक्षण तिथेच थांबलं. मात्र इतकी वर्षं दुसऱ्यांचे प्रवेशाचे फॉर्म भरून कुठल्या वर्षाला कुठले विषय असतात, कुठल्या दाखल्याला किती दिवस लागतात, हे मला तोंडपाठ झालं होतं.

त्या वर्षी जून संपता संपता फीवाढीची बातमी आली. सरकारने विद्यापीठाच्या सगळ्याच अभ्यासक्रमांची फी वाढवली होती. सकाळी मोबाईलवर बातमी फिरली आणि दुपारी कॉलेजच्या फलकावर परिपत्रक लागलं. दिवसभर दुकानात दुसरा विषय नव्हता. एक निवृत्त गुरुजी पेन्शनच्या कागदाची झेरॉक्स काढायला आले होते, ते म्हणाले, "आमच्या वेळी असं झालं असतं तर मी गुरुजी झालोच नसतो." कोणी म्हणालं, फी वाढली तर निदान रिकाम्या जागा भरून शिकवायला माणसं तरी नेमतील. त्यावर चांगलीच जुंपली. मग चारची एसटी धरायला सगळे पांगले.

सगळे गेल्यावर एक मुलगी मागे राहिली. ती पोलादपूरच्या पुढची, कशेडी घाटाच्या अंगाला डोंगरात वाडी आहे तिथली. वाडीतून हायवेपर्यंत चालत आणि मग एसटीने महाड, असं करत तिने दोन वर्षं काढली होती. आता तिसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा होता.

"ताई, परिपत्रकाची एक झेरॉक्स द्या. घरी दाखवायचीय."

"घरी काय म्हणतील गं?"

"बाबा म्हणतील, तू शिक. आणि धाकट्या भावाची बारावी थांबवून त्याला मुंबईला काकाकडे कामाला लावतील. त्यापेक्षा मीच थांबते." हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं की सकाळी बातमी कळली तेव्हाच ठरवून ठेवलेलं असावं असं वाटलं.

मी म्हटलं, "इतक्यात ठरवू नकोस. थांब जरा." थांबून काय होणार होतं, ते मलाही माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी तीच मुलगी पाच-सहा जणांना घेऊन आली. सगळ्यांनी मिळून प्रांत ऑफिसला द्यायचं निवेदन लिहिलं होतं, ते टाईप करून हवं होतं. मी टाईप करायला बसले. 'तीव्र शब्दांत जाहीर निषेध', 'अन्यथा आंदोलन छेडण्यात येईल'. अर्ध्यावर माझी बोटं थांबली.

"हे कोणीही लिहील," मी म्हटलं. "यात तुमचं काय आहे?"

त्यांच्यात दासगावचा एक मुलगा होता. तो वैतागून म्हणाला, "ताई, तुम्ही फक्त टाईप करा ना."

मला ते लागलं. कॉलेजची पायरी न चढलेल्या बाईने कॉलेजच्या मुलांना का शिकवावं, असं त्याला म्हणायचं नसेलही, पण मला तसंच ऐकू आलं. मी पुन्हा की-बोर्डकडे वळले. तेवढ्यात ती डोंगरातली मुलगी म्हणाली, "नाही, सांगा ताई. काय लिहू?"

मी मशीनमधले कोरे कागद काढून बाकावर ठेवले. म्हटलं, प्रत्येकाने एकेक पान लिहा, स्वतःच्या अक्षरात. गाव कुठलं, घरून किती वाजता निघता, घरात कमावतं कोण, आणि फी वाढली तर तुमच्या घरात नेमकं काय होईल. ते निवेदनाला जोडू.

पुढचे दोन दिवस मुलं येऊन लिहीत होती. शिवथरच्या एका मुलीने लिहिलं की घरात बारावी पास झालेली ती पहिली, आणि धाकट्या दोघी बहिणी तिच्याकडे बघून शाळेत टिकल्या आहेत. दासगावचा तो मुलगा सकाळी कॉलेज करून दुपारी गॅरेजात काम करायचा. त्याचं पान सगळ्यांत मोठं झालं. लिहून झाल्यावर त्याने ते मला वाचायला दिलं आणि वाचून होईपर्यंत रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी मी शटर वर करत होते, तेव्हाच एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. सदऱ्याच्या कॉलरला मागे छत्री अडकवलेली, पायात प्लास्टिकच्या चपला.

"बाय, पोरांचा कागद लिवतात त्ये दुकान ह्येच काय?"

ते त्या डोंगरातल्या मुलीचे वडील होते. मी त्यांना बाकावर बसवलं.

"पोर घरात सांगतेय, कॉलेज सोडते म्हणून. भावाला शिकू दे म्हणते. मी तिला इचारलं, तुला कोणी ठरवायला सांगितलं गो? बापूस हाय ना अजून." मग म्हणाले, "तुमच्या कागदावर निस्त्या पोरांच्याच सह्या हायत?"

"हो."

"आमच्या चालणार नाय काय? फी भरायची ती आम्हीच."

हे ना मुलांना सुचलं होतं, ना मला. मी तिथल्या तिथे 'आम्ही पालक' असं वर लिहून एक पान तयार केलं आणि त्याच्या भरपूर प्रती काढून दिल्या. त्यांनी त्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सदऱ्याच्या आत ठेवल्या आणि पाऊस असतानाही छत्री न उघडताच स्टँडकडे गेले.

आठवड्याने ते परत आले. ते वाड्यावाड्यांतून फिरले होते, पोलादपूरला बाजारात उभे राहिले होते. पानं भरली होती. कुठे ठसठशीत सही, कुठे पहिल्यांदाच पेन धरल्यासारखी अक्षरं, कुठे अंगठे. बऱ्याच पानांवर चिखलाची बोटं उमटलेली.

"लावणीची मान्सं," ते संकोचून म्हणाले. "हात धुवायला सांगितलं सगल्यांना. पर पुरता निघत नाय."

"असू दे," मी म्हटलं. "पुसू नका."

निवेदन द्यायच्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं. प्रवेशाचे दिवस, म्हणजे माझ्या कमाईचे दिवस. नवऱ्याला सांगताना मी जरा कचरत होते. तो बूट घालता घालता म्हणाला, "तू लिहिलंस ना? मग तू नको जायला?"

प्रांत ऑफिससमोर आम्ही शंभरएक जण जमलो. मुलं होती तशी लावणी टाकून आलेली माणसंही होती. पोलिसाने फक्त चौघांना आत सोडलं. मुलीचे वडील माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, तू चल. कागदात काय हाय त्ये तुला ठावं."

आतल्या अधिकारी बाईंनी त्या डोंगरातल्या मुलीला निवेदन वाचायला सांगितलं. पहिल्या दोन ओळी तिला नीट वाचता येईनात, मग आवाज लागला. ती वाचत होती तोवर बाई जोडलेली पानं चाळत होत्या. एका पानावर त्या थांबल्या.

"हे डाग कसले?"

"म्याडम, लावणी चाललीय," वडील म्हणाले.

बाईंनी ते पान शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाल्या, "फी कमी करणं माझ्या हातात नाही. पण हे मी वर पाठवते. नुसता गोषवारा नाही, सगळ्या पानांसकट."

बाहेर आल्यावर दासगावचा मुलगा म्हणाला, "वर म्हणजे कुठे? गेलं केराच्या टोपलीत." त्या मुलीचा चेहरा उतरला. तिचे वडील मात्र छत्री उघडता उघडता म्हणाले, "गेलं तर परत लिवू. कागद काय संपलं नाय."

त्यानंतर बरेच दिवस काहीच झालं नाही. दुसऱ्या तालुक्यांतून, दुसऱ्या जिल्ह्यांतूनही निवेदनं जात असल्याचं कानावर येत होतं. कशेडीत दरड आली, एसटी बंद पडली, ती डोंगरातली मुलगी दिसेनाशी झाली. तिने मनातलं खरं केलं की काय, अशी मला धाकधूक होती.

आणि एका सकाळी नवीन परिपत्रक आलं. जे आधीपासून शिकत आहेत त्यांना जुनीच फी. नव्याने येणाऱ्यांना वाढ लागू, पण आधी सांगितली होती त्याहून कमी, आणि तीही हप्त्यांनी. प्रवेशाची मुदतही वाढवली होती. मी ते वाचत असतानाच त्या मुलीचा फोन आला. रेंज मिळावी म्हणून ती टेकाडावर चढून आली होती.

"ताई, खरंय का?"

मी तिला परिपत्रक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. मग तिने खाली शेतात वडिलांना मारलेली हाक मला फोनमधून ऐकू आली. एवढ्या मोठ्याने बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

रस्ता सुरू झाल्यावर ती फॉर्म भरायला आली. फॉर्म भरून झाला तरी बाकावरून उठेना.

"ताई, आता तुमचा भरू या."

"माझा कसला?"

"एफवायचा. मुदत वाढलीय ना."

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, "अगं, नव्यांना वाढीव फी आहे." आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी नाही म्हटलंच नव्हतं, नुसती फीची अडचण सांगितली होती. त्या संध्याकाळी जेवताना मी नवऱ्याकडे विषय काढला. आमटी वाढून घेत तो म्हणाला, "कॉलेज सकाळचं असतं ना? दुकान अकराला उघड." आमच्या मुलीने लगेच माझ्या वह्यांना कव्हरं घालायचं काम मागून घेतलं.

बारावीनंतर मधे गेलेल्या वर्षांसाठी प्रतिज्ञापत्र करावं लागलं. कॉलेजच्या ऑफिसात क्लार्कने फॉर्म उलटसुलट पाहिला.

"मुलीचा का, ताई?"

"माझा."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

पहिल्या दिवशी मी साडी सारखी करत वर्गात शिरले, तर सगळी मुलं धडाधड उभी राहिली. त्यांना वाटलं, शिकवायला बाई आल्या. मी हाताने खाली बसा बसा म्हणत खिडकीजवळच्या बाकापाशी गेले आणि तिथल्या मुलीला म्हटलं, "जरा सरकतेस का गं?"